पोपटी की डाळिंबी

आमचे हे गेल्याची बातमी दिराने भंडाऱ्याच्या दवाखान्यातून आणली, तेव्हा रडू येण्याआधी मला राग आला. आदल्याच रविवारी टीव्हीवर तो पिक्चर पुन्हा लागला होता, नायिका विहिरीवर पाणी भरायला आली होती, आणि आमचं भांडण अर्धवट राहिलं होतं. माणसाने असं मधूनच उठून जायचं असतं का?

भांडण आमच्या लग्नाइतकं जुनं. लग्न झाल्या झाल्या यांनी मला पवनीहून भंडाऱ्याच्या टॉकीजला नेलं, तो हा पिक्चर. घरी पिढीजात हातमाग. त्यामुळे पिक्चरमध्ये कोण कोणाचा भाऊ हे यांना कधी कळलं नाही, पण कोण काय नेसलं होतं ते बिनचूक सांगायचे, म्हणजे त्यांच्या मते बिनचूक! विहिरीवरची साडी पोपटी होती, असं त्यांनी परतीच्या एसटीतच जाहीर केलं. मी म्हटलं, डाळिंबी. झालं! यांनी हट्टाने तशी पोपटी साडी विणून माझ्यापुढे ठेवली. "हे पाह्य, अशीच होती." मी ती सणावारी मिरवली, पण कबूल केलं नाही.

मग घरी काळा-पांढरा टीव्ही आला. पाहिलेलेच पिक्चर पुन्हा पाहायचे, आणि हा लागला की शेजारचे पडदा सोडून आमच्याकडे पाहायचे. चित्र हलायला लागलं की हे उठून टीव्हीला एक थापड मारत आणि म्हणत, "पोपटीच आहे. मी मागावर बसतो, अन् तू मले रंग शिकवून राहिली काय?"

"मंग रंगीत टीव्ही आणा ना!"

"कायले? मले सारे रंग पाठ आहेत."

असा वैताग! एकदा, फक्त एकदा "तुझं बरोबर" म्हणाले असते तर काय माग मोडला असता?

तेरावं झाल्यावर मी मुलाला रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि त्या पिक्चरची कॅसेट भाड्याने आणायला लावली. जाऊबाई कुजबुजल्या, "माणूस जाऊन महिना नाही झाला, अन् घरी पिक्चर?" मी ऐकलं नाही. मला निकाल हवा होता.

विहीर आली. नायिका आली... साडी करडीच. मुलाने बटणं फिरवली, दुसऱ्या पिक्चरची कॅसेट लावली, तर तिच्यात गुलाबी, निळं सगळं दिसलं. तो म्हणाला, "आई, टीव्ही बराबर आहे वं. हा पिक्चरच काळा-पांढरा आहे."

त्या दिवशी टॉकीजमध्ये मी माहेरची डाळिंबी साडी नेसले होते, ते मला आता आठवलं. माझं डाळिंबी सापडलं. पण यांचं पोपटी कुठून आलं? मागावर तेव्हा तो रंग होता? की अंधारात हे माझ्या हातातल्या नव्या नवरीच्या हिरव्या चुड्याकडे पाहत बसले होते?... आता विचारू कोणाला? आणि हे आयुष्यभर बोलले नाहीत, नुसते भांडले, याचा मला फार राग येतो.

भाड्याचा टीव्ही परत गेला. जुना पुन्हा त्याच्या जागी ठेवला आहे. परवा रविवारी चित्र हलायला लागलं, तशी मी कोणी उठेल म्हणून वाट पाहिली. मग स्वतःच उठले आणि त्याला एक थापड मारली, जरा जोरातच.