न्यूट्रलला ठेवलेली गाडी

हँडब्रेक मी ओढला होता. घरात हे एकदाच बोलले, चारचौघांत कधीच नाही. आज लिहून टाकते.

नव्वदच्या दशकात आम्ही अमेरिकेत, बॉथेलला, चढावरच्या एका भाड्याच्या घरात राहायचो. गाडी जुनी, गिअरची. एका दुपारी सासूबाईंना घेऊन ग्रोसरी करून आले, घरासमोर थांबले आणि पिशव्या काढायला उतरले. गाडी सासूबाईंसकट मागे निघाली, ती शेजाऱ्यांच्या झुडपात जाऊन अडकली. त्यांना साधं खरचटलंही नाही. पण तेव्हापासून त्या माझ्या गाडीत बसेनात. "आधी ब्रेक लावायला शीक म्हणावं तिला."

गाडी मी गिअरमध्ये न टाकता न्यूट्रलला ठेवली होती, हे खरं. दादरच्या आमच्या सोसायटीत गाड्या एकीमागे एक लागायच्या. न्यूट्रलला ठेवायच्या, म्हणजे अडलेल्याला ढकलून वाट काढता येते. हाताची सवय गेली नव्हती. तेवढी चूक माझी, आणि त्या ओझ्याखाली मी बाकीचं गिळलं. पॉटलकला, सगळे आपापला पदार्थ घेऊन जेवायला जमले की, नवरा रंगवून सांगायचा, "हिने आईला रिव्हर्समध्येच इंडियाला पाठवलं असतं!" सगळे हसायचे. मीही. हँडब्रेकचा लिव्हर पार काखेपर्यंत वर येतोय, ब्रेक सैल झालाय, दाखवून घेऊ या, असं मी त्याला आधीच सांगितलं होतं, हे कोणाला ठाऊक? "अगं, जरा जोर लाव," एवढंच म्हणाला होता.

एका शनिवारी मीच ब्रेक दुरुस्त करायला बसले. पुढच्या चाकांना ठोकळे लावले, गाडीची मागची बाजू स्टँडवर चढवली. आधी मागच्या चाकांच्या ड्रममधले ब्रेक-शू ड्रमच्या जवळ आणले, मग लिव्हरखालचा नट आवळत गेले. चाक घासायला लागलं, तसा किंचित सैल केला.

"मेकॅनिककडे नेऊ ना यार," नवरा दारातून म्हणाला.

"तू हसायचं बघ."

गाडी खाली घेतली, चढावर उभी केली. न्यूट्रल. लिव्हर ओढला, चार-पाच क्लिकमध्येच घट्ट. उतरले आणि गाडीच्या मागे, उताराच्या बाजूला जाऊन उभी राहिले.

"वेड लागलंय का? बाजूला हो! निदान गिअर टाक!"

"नाही टाकणार. त्या दिवशीही टाकला नव्हता. ब्रेक मात्र ओढला होता. तो सैल झालाय म्हटलं, तर तू म्हणालास, जरा जोर लाव. सांग आईंना."

सांगावं लागलं नाही. सासूबाई पायरीवरच होत्या, साडीवर स्वेटर, पायांत बूट. खाली आल्या, माझं मनगट धरून मला बाजूला ओढलं. मग मागचं दार उघडून आत बसल्या.

"चल, देवळात जाऊ," त्या म्हणाल्या. नवरा पुढच्या दाराकडे वळला, तशी त्यांनी काच खाली केली. "तू चालत ये. जरा जोर लाव."