चढ गाडीचा, उतार ड्रायव्हरचा

“मातीले बी नाही आला तो. तीस वर्साची दोस्ती, अन् मातीले नाही.”

सौसरच्या बसस्टँडवर माझ्या मागच्या बाकावरचा माणूस दुसऱ्याला सांगत होता. दुसरा म्हणाला, “शेषरावच्या मातीले आंधळा माणूस कसा येईन, बाप्पा?”

“कोणी हात धरून आणलं असतं ना. नामदेवाले यायचंच नव्हतं.”

मी मागे वळून पाहिलं नाही. मी नागपूरहून चार दिवसांच्या सुट्टीवर आले होते. शेषरावकाका गेले हे मला तेव्हा कळलं. नामदेवकाका त्यांच्या मातीला का गेले नाहीत, हे मात्र त्या दोघांपेक्षा मला जास्त ठाऊक होतं.

नामदेवकाका आमच्या शाळेच्या व्हॅनचे ड्रायव्हर. बोरगावची आम्ही नऊ-दहा पोरं त्यांच्या व्हॅनमधून सौसरच्या इंग्रजी शाळेत जायचो. शाळेत मराठी बोललं की नाव फळ्यावर लिहीत, आणि इंग्रजी बोलायची मला भीती वाटे, म्हणून मी बोलणंच सोडलं होतं. पहिल्याच आठवड्यात काकांनी मला मागच्या गलक्यातून उचलून आपल्या शेजारच्या सीटवर बसवलं. “इथं बस, बाई. इथं बोला लागत नाही. इंजिनच एवढं बोलते.” बारावीपर्यंत ती सीट माझीच राहिली.

गाव सोडलं की थोड्या वेळाने एक लांब उतार लागतो. त्याच्या माथ्यावर काका इंजिन बंद करत. सगळी खडखड थांबे आणि व्हॅन आपोआप खाली वाहू लागे. टायरांचा आवाज, कपाशीच्या शेतातून येणारी कुणाची तरी हाक, एवढंच ऐकू येई. मागची पोरंसुद्धा तेवढ्यापुरती गप्प होत. दिवसभरात मला कुणाशी न बोलल्याची लाज वाटत नसे, अशी ती एकच जागा. स्टिअरिंगला काकूंच्या जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळलेली होती. तिच्यावर दोन्ही पंजे ठेवून काका म्हणत, “चढ गाडीचा असते, बाई. उतार ड्रायव्हरचा.”

‘उतार’ हा त्यांचा शब्द. व्हॅनच्या आधी ते पांढुर्ण्याच्या बाजारात संत्र्याचा ट्रक नेत. भाव पडला असं ते कधी म्हणत नसत. बाजाराले उतार आहे, म्हणत. “पडलं ते पडलं. उतार येगळा. उतारावर माणूस हुशार असला तं अजून सांभाळू शकते.” चौथीत असताना मला शाळेतच ताप भरला. मला घरी आणताना त्या रस्त्यावर चढच होता. तो संपल्यावर ते गंभीरपणे म्हणाले, “तुह्या तापाले आता उतार पडन. जेवढं चढाचं तेवढं चढून झालं.” संध्याकाळी ताप खरंच उतरला, आणि काका डॉक्टरपेक्षा हुशार आहेत असं मला कितीतरी वर्षं वाटत राहिलं.

मी आठवीत असताना काकू पांढुर्ण्याच्या दवाखान्यात भरती होत्या. शाळेच्या फाटकाशी रोज कुणी ना कुणी विचारी, “काय नामदेव, उतार आहे का?” काका म्हणत, “हाव, आहे ना.” तीन आठवडे ते हेच सांगत होते. काकू गेल्या त्याच्या आदल्या दिवशीही त्यांनी हेच सांगितलं होतं. नंतर एकदा इंजिन बंद असताना ते आपणहून बोलले. “लोक आशेनं इचारते, बाई. नाही कसं म्हणू?”

शेषरावकाका लोधीखेड्याच्या पोरांची व्हॅन चालवत. शाळा सुटेपर्यंत दोघं फाटकाशी एकाच पुडीतला तंबाखू-सुपारीचा खर्रा खात आणि एकमेकांच्या गाडीला नावं ठेवत. “तुह्या गाडीचा हॉर्न सोडून सारंच वाजते,” शेषरावकाका म्हणत. “अन् तुह्या गाडीचा हॉर्नच वाजते, गाडी चालतच नाही,” नामदेवकाका म्हणत. हे रोजचंच होतं, तरी रोज दोघं हसत.

मी अकरावीत गेले त्या वर्षी काकांनी एक नवा खेळ काढला. “सामने काय हाय, सांगा पोरंहो.” लहान पोरं ओरडत, “बैलगाडी!” “ट्रॅक्टर!” जो आधी सांगेल त्याला लिमलेटची गोळी. पोरांना तो खेळ फार आवडे. मी खेळत नसे, पण बघत असे. पोरं ओरडल्यावरच काकांचा पाय ब्रेकवर जातो, हे माझ्या महिनाभरात लक्षात आलं.

मी कुणाला काही सांगितलं नाही.

मग एक दिवस कुणाचा तरी वाढदिवस होता आणि मागे सगळी चॉकलेटच्या वाटणीत गुंतली होती. उतार लागला, इंजिन बंद झालं. समोर डोक्यावर कापसाचं गाठोडं घेतलेली एक बाई रस्ता ओलांडत होती. काका तिच्याकडेच बघत होते, आणि पाय हलत नव्हता. मी तोंड उघडलं. आवाज निघालाच नाही. मी दोन्ही हातांनी डॅशबोर्ड बडवला. व्हॅन थांबली तेव्हा ती बाई आमच्यापासून हातभर अंतरावर होती.

काका बराच वेळ स्टिअरिंग धरून बसले. मग म्हणाले, “तू नाही बोलली, बाई, पण डॅशबोर्ड बोलला.” शाळेच्या फाटकाशी मी उतरताना ते हळू आवाजात म्हणाले, “घरी नको सांगू. मोतीबिंदू हाय. तुमच्या परीक्षा झाल्या का ऑपरेशन करून घेतो.”

तो मोतीबिंदू नव्हता. काचबिंदू होता. गेलेली नजर परत येत नाही, हे पांढुर्ण्याच्या डॉक्टरने त्यांना आधीच सांगितलं होतं, पण ते मला फार नंतर कळलं. तेव्हा मला फक्त ते गाठोडं दिसत होतं, आणि मागच्या सीटवरची नऊ पोरं.

तिसऱ्या दिवशी मी शाळेच्या तक्रारपेटीत एक चिठ्ठी टाकली. इंग्रजीत, नाव न लिहिता. काकांची नजर ‘डिक्लाइन’ होते आहे, असं लिहिलं होतं. शब्दकोशात त्याचा अर्थ उतार असाच दिला आहे. पण त्या शब्दात सांभाळून नेणारं कुणी नव्हतं. चिठ्ठी लिहिताना तोच शब्द मला बरा वाटला होता.

आठवड्याभरात शाळेने ती चिठ्ठी काकांपुढे ठेवली आणि व्हॅनवर दुसरा ड्रायव्हर आला. तो उतारावर इंजिन बंद करत नसे.

शेषरावकाकांनी त्याआधी दोनदा नामदेवकाकांना बजावलं होतं, “नामदेवा, आता नजरेले उतार लागला. सोड गाडी.” शेषरावकाकांचा मुलगा इंग्रजी शिकलेला. त्यामुळे चिठ्ठी शेषरावकाकांनीच त्याच्याकडून लिहून घेतली, हे नामदेवकाकांनी ठरवून टाकलं. शेषरावकाका टोपलीभर संत्री घेऊन बोरगावला गेले, तर ती टोपली अंगणातून परत आली, असं आईने मला सांगितलं. मी ऐकून घेतलं आणि अभ्यासाला बसले. पुढे कॉलेज, मग नोकरी. सहा वर्षांत मी काकांच्या घरावरून कितीदा गेले असेन. आत एकदाही गेले नाही.

बसस्टँडवरून मी तशीच बोरगावला गेले. काका ओसरीवर खाटेवर बसले होते. ती लुगड्याची पट्टी आता त्यांच्या काठीला गुंडाळलेली होती.

“कोण?” त्यांनी विचारलं.

माझ्याने बोलवेना. ते थोडं थांबले आणि हसले. “बोलत नाही म्हणजे समोरच्या सीटवरची बाई आहे. बस.”

मी खाटेच्या कडेला बसले. त्यांनी माझी नोकरी विचारली, आईचे गुडघे विचारले, आणि उत्तरं आपणच दिली. मग काठीवरच्या पट्टीची गाठ चाचपत राहिले.

“शेषराव गेला. तुले मालूम असन. पांढुर्ण्याले भरती होता. त्याचा पोरगा दोनदा बलवाले आला. मी इचारलं, उतार आहे का? तो म्हणे, हाव, आहे. मी म्हटलं, मंग बरा झाला का पाहू.” त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली. “मी सोता तेच सांगत होतो ना लोकाइले. तरी मले समजलं नाही.”

अंगणात कोंबडी माती उकरत होती.

“त्यानं तोंडावर दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं असतं तं मी सोडली असती गाडी. कागदावर कायले लिहून द्याचं? तेवढंच लागलं मले.” त्यांनी अंदाजाने हात पुढे केला आणि माझं मनगट धरलं. “तूच पाहा. तुले तं सारंच माहीत होतं. पण तू सांगितलं का कोणाले?”

ते माझ्या उत्तराची वाट बघत नव्हते. त्यांना ती सवयच नव्हती.

मी म्हणाले, “काका, ती चिठ्ठी शेषरावकाकांची नव्हती. मी लिहिली होती.”