बांधाचा अर्ज

आमच्या खाडीकाठच्या गावात इंग्रजी शिकलेला पहिला माणूस मी, आणि त्या इंग्रजीपायी गाव पाण्यात जाता जाता राहिलं.

त्या वर्षी भात कापून झालं आणि शेतांचा खाडीकडचा बांध फुटला. अमावास्या तीन दिवसांवर होती. त्या उधाणात खाडी आत शिरली असती, आणि खारं पाणी एकदा जमिनीत मुरलं की तीन वर्षं तिथे गवतसुद्धा धरत नाही. बांधायला माती हवी, माती सरकारी टेकाडावर, आणि तिथे कुदळ मारायला साहेबाचा हुकूम हवा. साहेबाचा मुक्काम कल्याणला. सगळा गाव माझ्याकडे बघू लागला. (मला ते फार आवडलं, हे कबूल करतो.)

आता, साधं इंग्रजी कोणीही लिहील. ठाण्याच्या शाळेतले आमचे मास्तर म्हणत, "खरा विद्वान इंग्रजीत लॅटिन पेरतो." माझ्या डिक्शनरीच्या शेवटी अशा परक्या शब्दांची चार पानं होती. मी पेरणीला बसलो. 'बोना फाइडी' आलं, 'इप्सो फॅक्टो' आलं, एक फ्रेंचही घातलं. 'सिने डाय' हे तर कानाला इतकं गोड लागलं की दोनदा वापरलं. तीन पानं भरली.

वडील शेजारी बसून बघत होते. "ही समदी सायबाची भाशा?"

"नाही बाबा. हे शब्द साहेबांनी दुसऱ्यांकडून घेतलेत."

"म्हंजे त्यांच्याकडं बी मागून आनलेला चालतो?" वडिलांना एकदम बरं वाटलं. सरकारविषयी त्यांच्या मनात तेव्हापासून थोडी माया उत्पन्न झाली.

दुसऱ्या दिवशी वडिलांना घेऊन आगगाडीने कल्याण गाठलं. साहेबाच्या तंबूबाहेर शिरस्तेदार बसले होते, पगडी घालून, चष्मा लावून. त्यांनी अर्ज वाचला, पुन्हा वाचला आणि दूर धरूनही वाचला.

"अर्ज इंग्रजीत किंवा मराठीत हवा. ही तिसरीच भाषा दिसते. भाषांतराला पाठवावा लागेल. पंधरा दिवस."

"अहो, पण अमावास्या परवा आहे."

"ती काही आमच्या हुकमाने येत नाही."

गावाला काय तोंड दाखवणार? एवढ्यात आमचा आवाज ऐकून साहेब स्वतः बाहेर आला. त्याने कागद घेतला. वाचता वाचता त्याच्या मिशा हलू लागल्या. मग तो सावकाश, पुस्तकातल्यासारख्या मराठीत म्हणाला, "आपण लिहिता, हुकूम 'सिने डाय' द्यावा. म्हणजे बेमुदत लांबणीवर टाकावा. तशी आपली इच्छा आहे काय?"

बोलण्यासारखं माझ्याजवळ त्या वेळी कोणत्याच भाषेत काही नव्हतं.

वडिलांनी मला हळूच विचारलं, "पोरा, बांद फुटलाय ह्या लिवलास ना?"

मी मनातल्या मनात तिन्ही पानं चाळली. नम्रता होती, राणीसाहेबांना आशीर्वाद होते, लॅटिन तर ठायी ठायी होतं. बांध नव्हता.

वडील मला बाजूला सारून पुढे झाले. आयुष्यात त्यांनी साहेब पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिला असेल. हात जोडून म्हणाले, "सायेब, बांद फुटला. परवा आवसेला खाडी शेतान येल. टेकराची माती घेऊ द्या."

"किती माणसे आहेत?"

"सगला गाव."

साहेबाने शिरस्तेदारांची लेखणी मागितली, माझ्या अर्जाचं शेवटचं पान उलटं केलं आणि उभ्या उभ्याच कोऱ्या बाजूवर दोन ओळी लिहून सही ठोकली.

अमावास्येला पाणी आलं, बांधाला लागून परत गेलं. दोन दिवस मीही टोपल्या वाहिल्या. त्या कामात तरी कोणी मला अर्थ विचारला नाही.

ते पान वडिलांनी पुढे ठाण्याहून काचेच्या चौकटीत बसवून आणलं. साहेबाच्या दोन ओळी समोर, माझं लॅटिन भिंतीकडे. घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते मरेपर्यंत अभिमानाने दाखवत आले, "ह्यो माज्या पोराचा अर्ज." आणि मीही दर वेळी मान खाली घालून, विनयाने, ते कौतुक स्वीकारत आलो.