अण्णांसाठी अख्खी दरी

"फोटोचे तुकडे आणू नका. आणायची तर अख्खी दरी आणा." बंगलोरहून निघताना सासऱ्यांनी दारातच बजावलं.

सासऱ्यांना घरात सगळे अण्णा म्हणतात. हे घराणं कित्येक पिढ्या कर्नाटकातलं, त्यामुळे अण्णांच्या मराठीला कानडीची फोडणी असते. मी पुण्याची, लग्नानंतर पहिली काही वर्षं मला त्या फोडणीचा ठसका लागायचा. तरुणपणी अण्णा हिमाचलातल्या लाहौलमध्ये रस्ताबांधणीवर ओव्हरसियर होते. शरदात तिथली अख्खी दरी हळदीसारखी पिवळी होते, असं ते सांगायचे. बंगलोरात यशवंतपूरच्या आमच्या शेजाऱ्यांना ही शुद्ध थाप वाटायची. इथली झाडं बाराही महिने हिरवी, मग कोण विश्वास ठेवणार? अण्णांना एकदा परत जाऊन यायचं होतं. बेतही ठरला होता, तेवढ्यात त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं आणि उंचावर जायला डॉक्टरांनी साफ मनाई केली. तेव्हापासून कुणी लाहौलचं नाव काढलं, की ते वर्तमानपत्र तोंडासमोर धरत. मला ते बघवेना. म्हणून मी आणि माझा नवरा श्रीधर निघालो.

घरात कॅमेऱ्याचा नाद माझा. एवढी मोठी दरी एका फोटोत मावत नाही, तेव्हा एकाला लागून एक असे फोटो काढायचे, प्रत्येकात शेजारच्या फोटोचा थोडा भाग पुन्हा येऊ द्यायचा, आणि घरी येऊन ते कापून जोडायचे, असं मी ठरवलं. श्रीधरचं पीण्या या बंगलोरच्या कारखान्यांच्या भागात छोटंसं वर्कशॉप आहे. त्याला हे कळल्यावर त्याने लेथवर एक पितळी चकती बनवली. तिवईवर चकती आणि तिच्यावर कॅमेरा. फिरवली की ठरावीक अंतराच्या खाचेत जाऊन 'टक्' वाजून थांबायची. "आता तुला डोकं चालवायला नको," तो म्हणाला. मी ते ऐकून घेतलं.

रेल्वेने दिल्ली आणि रात्रभर बसने मनाली. मनालीत सफरचंदं उतरवून झाली होती, पण बाजारात ढीग होते. आम्ही सिड्डू (आत सारण भरून वाफवलेली जाड भाकरी) तुपात बुडवून खाल्ले. श्रीधरने दुसरा मागवला आणि मग चढावर धापा टाकल्या. मी मात्र समोर येईल त्याचे फोटो काढत सुटले: सफरचंदाच्या पेट्या, टोप्या, उन्हात झोपलेली कुत्री. फिल्मचे रोल भराभर संपत होते, पण मला कसली शुद्ध!

रोहतांगच्या घाटात आमच्या बसला एक ट्रक आडवा आला. दोन्ही चालक खाली उतरले, भांडले, बिड्या ओढल्या आणि मित्र होऊन आपापल्या गाड्यांत चढले. खिंडीपलीकडे आधी सगळं करडं आणि उजाड दिसलं. श्रीधर कानात पुटपुटला, "अण्णांनी खरंच थाप मारली की काय?" एवढ्यात एक वळण आलं आणि खाली चंद्रा नदीच्या काठाने पिवळ्याधमक झाडांची रांगच्या रांग दिसली. मी बसमध्ये ओरडलेच. पुढच्या बाकावरचे एक आजोबा मागे वळून म्हणाले, "बेटी, अभी तो शुरू हुआ है."

सिस्सू गावात आम्ही दोलमा नावाच्या बाईंच्या घरी उतरलो. त्यांच्या धाब्यावर (मातीच्या सपाट छतावर) गुरांसाठी गवत वाळत होतं. घरातली सगळी माणसं बर्फ पडायच्या आत बटाटे भरायच्या घाईत होती. त्यातही त्यांनी आम्हाला थुक्पा (भाज्या घातलेलं शेवयांचं गरम सार) करून वाढला.

"इतनी दूर से पत्ते देखने आए हो?" त्यांनी विचारलं.

"ससुरजी के लिए," मी म्हटलं आणि अण्णांची गोष्ट सांगितली.

"तो अच्छे से खींचना. बर्फ गिरी तो हमारा रास्ता बंद," असं म्हणून त्यांनी माझ्या वाडग्यात आणखी वाढलं.

दुसऱ्या दिवशी केलाँगहून येणाऱ्या दुपारच्या बसने परतायचं होतं. सकाळी आम्ही नदीच्या वळणावर, धबधब्यासमोर तिवई रोवली. अण्णांनी हीच जागा सांगितली होती. वर बर्फाची शिखरं, त्याखाली भूर्जाची पिवळी जंगलं, अगदी तळाशी नदी. कॅमेरा आडवा धरला तर एक तर शिखर कापलं जाई नाहीतर नदी. म्हणून मी तो उभा लावला. मग टक्, फोटो. टक्, फोटो. श्रीधर शेजारी कौतुकाने मान डोलावत होता. चकती खरोखर लोण्यासारखी फिरत होती.

शेवटचा फोटो काढल्यावर मला वाटलं, धबधबा डोळ्यांत कसा भरला नाही? मी चकती मागे फिरवून काचेतून पाहिलं. एका खाचेवर धबधबा उजव्या कडेच्या बाहेर होता, दुसरीवर डाव्या कडेच्या बाहेर.

"श्रीधर, खाचा कशा मोजल्यास?"

"तूच दाखवलंस तसं. कॅमेरा आडवा धरून."

"आणि आत्ता तो कसा आहे?"

त्याने कॅमेऱ्याकडे पाहिलं. "उभा," तो म्हणाला. "म्हणजे फोटो अरुंद, आणि प्रत्येक दोन फोटोंच्या मध्ये फट?"

"फट! फटीत अख्खा धबधबा गेला!"

आम्ही तिथेच कडाडून भांडलो. त्याचं म्हणणं, उभा धरणार हे आधी सांगायला हवं होतं. माझं म्हणणं, लेथवर बसण्यापूर्वी विचारायला हवं होतं. खरी गोष्ट अशी, की मनालीतल्या कुत्र्यांपायी माझ्याजवळ हाच एक रोल उरला होता आणि त्यातलेही थोडेच फोटो शिल्लक होते. गावात फिल्म मिळण्याची शक्यता नव्हती. वरून ढग शिखरांकडे सरकत होता. अण्णांना तुकडे नको होते, आणि मी नेमके तुकडेच काढले होते. मला रडू यायला लागलं.

ते पाहून श्रीधरने भांडण अर्ध्यावर सोडलं. त्याने चकती काढून खिशात टाकली आणि म्हणाला, "खाच जाऊ दे. तू डोळ्यांनी जोड." मग मी काचेत डावीकडे जे झाड दिसेल ते पुढच्या फोटोत उजवीकडे येईपर्यंत हळूहळू कॅमेरा फिरवू लागले. उजव्या टोकापासून झाडाला झाड, कड्याला कडा जोडत निघाले. धबधबा आला, पूल आला, पिवळी जंगलं सगळी आली. डावीकडे फक्त दगडगोट्यांची उजाड उतरण राहिली आणि फिल्म संपली. तिथे झाडाचं एक पानही नव्हतं, म्हणून मला फारसं वाईट वाटलं नाही. ढग शिखरावर टेकला तेव्हा आम्ही दोलमाबाईंनी बांधून दिलेले पराठे खात होतो.

बंगलोरला आल्याआल्या मी कोपऱ्यावरच्या स्टुडिओत रोल दिला. "सगळ्या फोटोंचा रंग एकसारखा हवा. स्वल्पसुद्धा फरक नको," मी बजावलं. "सरी मेडम, सरी," म्हणजे 'बरं, बरं' असं स्टुडिओवाला म्हणाला आणि शेवटचा फोटो निळसर छापून दिला. तो पुन्हा छापून घेतला. मग जेवणाच्या टेबलावर पट्टी, ब्लेड आणि डिंक घेऊन आम्ही दोघं बसलो. अण्णा पलीकडे पेपर धरून होते, पण पान मात्र उलटत नव्हते.

दरी टेबलभर पसरली तेव्हा त्यांनी पेपर खाली ठेवला, चष्मा पुसला आणि जवळ आले. बोट उजव्या टोकावर ठेवून हळूहळू डावीकडे सरकवू लागले. "हां, हा पूल. आम्ही होतो तेव्हा लाकडाचा होता. हा धबधबा. बघा, पिवळं आहे की नाही? बोलवा त्या शेजारच्यांना!" बोट डाव्या कडेपाशी पोहोचलं, पण थांबलं नाही. कागद संपला तरी ते टेबलाच्या लाकडावर वीतभर पुढे गेलं आणि तिथे टेकलं.

"इथं आमचा तंबू होता."

"अण्णा, फिल्म संपली हो. ती नुसती उजाड उतरण, म्हणून मी..."

"उजाडच होती. म्हणून तर तिथं तंबू टाकला. स्वल्प सरक बघू." त्यांनी मला बाजूला केलं आणि लाकडावर बोटाने दाखवायला लागले. इथे चूल, इथे सुरुंगाची पेटी, इथून पाणी आणायचं, इथे खानसामा बर्फात घसरून डाळीसकट खाली गेला. सासूबाई चहाचे कप धरून उभ्या होत्या, कारण टेबलावर ठेवायला जागा नव्हती. ऑपरेशननंतर अण्णा एवढं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. मला त्यांना दरी दाखवायची होती आणि आता तेच मला ती दाखवत होते. मला इतका आनंद झाला, की राहिलेल्या फोटोची हळहळ कुठल्या कुठे गेली.

पुढच्या रविवारी श्रीधर भिंतीत खिळे ठोकायला लागला, तेव्हा अण्णा स्टुलाशी उभे राहिले. "स्वल्प उजवीकडं घे," ते म्हणाले. "डावीकडची भिंत मोकळी सोड. आणि तिथं कुणी कॅलेंडर लावायचं नाही, आत्ताच सांगून ठेवतो."

आता घरी कुणी पाहुणा आला, की अण्णा त्याला हाताला धरून नेतात आणि आधी ती कोरी भिंत दाखवतात, मग फोटो.