बाबू खिळ्याने पुतण्याला कसं पकडलं?

मंडळी, दुपारपासून डोकं भणभणतंय, म्हणून लिहितोय.

आज जालन्यात अप्पांना घेऊन बाबू खिळ्याचा तिसरा पिक्चर बघितला. बाबू म्हणजे कुलपं फोडणारा चोर, पण पोलिसांच्या आधी खुनी शोधणारा. मासिकातल्या त्याच्या सगळ्या कथा माझ्या वडिलांना, अप्पांना, तोंडपाठ आहेत.

हा पिक्चर ज्या कथेवर आहे, तिच्यात एक भामटा आष्टीचा पुतण्या बनून म्हाताऱ्याच्या घरात घुसतो. बाबू त्याला एका शब्दावर पकडतो. भामटा म्हणतो, "काल आलो होतो." आष्टीचा माणूस, आमच्या अप्पांसारखा, "आल्तो" म्हणाला असता!

पिक्चरमध्ये स्वतः आष्टीचा बाबूच "आलो होतो" म्हणतो. सगळेच तसं बोलतात. मग भामट्याला कशावरून पकडलं? तर म्हणे हातावरच्या गोंदणावरून. अरे, मग कथेत उरलं काय?

अप्पा भर टॉकीजमध्ये उभे राहून ओरडले, "मंग हा बाबू कुठला?" लोक हसले. मी त्यांचा हात ओढला. "अप्पा, खाली बसा ना, लोक बघताहेत."

अप्पा बसले. पण पडद्याकडे न बघता माझ्याकडेच बघत राहिले.

"आन् तू रे? तू कुठला?"

मी तोंडच उघडलं नाही. उघडलं असतं, तर पकडला गेलो असतो.