हवेच्या सेन्सरशी मस्करी

ग्रुपवाल्यांनो, आज डोकं फिरलंय.

दुपारी आईला घेऊन शीळ रोडने कल्याणला निघालेलो. टेम्पोला ओव्हरटेक करतानाच टर्बोचा बूस्ट गेला. अ‍ॅक्सिलरेटर दाबतोय, गाडी ढिम्म. मागून डंपर हॉर्न मारत अंगावर. आईने माझा दंड घट्ट धरलेला.

कशीबशी बाजूला घेऊन बॉनेट उघडलं. इंजिनात किती हवा जाते ते मोजणाऱ्या सेन्सरचा प्लग निघालेला. सकाळी बंट्याने सैल करून ठेवलेला, आमचा दोस्त. फोनवर हसतोय, "तू पण माझ्या बाईकचा प्लग काढलेलास ना रे?"

काढलेला. पण उभ्या बाईकचा. हवेचा आकडा गेला की इंजिन बूस्ट तोडतं, हे बंट्याला पक्कं माहितीये. माझी गाडी ट्यून त्यानेच केलीय.

आई म्हणते, सोडून दे. तुम्ही सोडलं असतं?