वहिनीचं खरं इंग्रजी

सकाळी साडेसहाला दादाचा फोन आला. "मीना, नलिनी गेली गं," एवढंच म्हणाला. पार्ल्याहून कांजूरमार्गला पोचेपर्यंत मी रिक्षावाल्याशी दोनदा भांडले. रडायच्या आधी मला राग येतो, स्वभावच आहे माझा. आता दीड महिना झाला. भेटायला येणारा जो तो "फार सोशिक होत्या" म्हणतो आणि माझं डोकं फिरतं. नलिनीवहिनी सोशिक बिशिक काही नव्हती. हट्टी होती. तिच्या हट्टापायी माझी तीस वर्षांची इंग्रजीची मास्तरकी पार मोडीत निघाली.

तिचे वडील गिरणीत होते. घरात कामाला हात हवा म्हणून त्यांनी तिला नववीनंतर शाळेतून काढलं. पुढे आमच्या घरी आली, तर दादा पाहुण्यांसमोर म्हणायचा, "आमच्याकडे शेवटचा शब्द नववी पासचा." सगळे हसायचे. तीही हसायची... पण मुलाचं लग्न उरकलं आणि सत्तावन्नाव्या वर्षी बाई बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरून मोकळी झाली. मला म्हणाली, "दहावी करायचीय. बाकीचं मी बघते, इंग्रजी तू बघ."

पहिल्याच दिवशी मी नेहमीचं वाक्य दिलं, 'आय गो टू स्कूल एव्हरी डे.' म्हण म्हटलं, तर म्हणते, "मी कुठे जाते शाळेत? खोटं कशाला बोलू?" मी म्हटलं, "अगं, व्याकरणाचं वाक्य आहे, कोर्टातली साक्ष नाही." "असेल. पण तोंड माझं आहे ना." झालं. तेव्हापासून प्रत्येक काळ तिच्या घरातून काढावा लागला. 'आय मेक भाकरी.' 'माय हजबंड स्नोअर्स.' आतल्या खोलीत दादाने पेपर खाली ठेवला. शब्दांची उजळणी ती वाण्याच्या यादीवर करायची. इंग्रजी यादी बघून वाण्याने दोनदा घरी फोन केला. भूतकाळाला मात्र चार दिवस लागले. 'आय लेफ्ट स्कूल' म्हणाली आणि थांबली. "नाही गं, हे खोटं आहे. मी सोडली नव्हती." मग मी तिला दुसरं वाक्य बांधून दिलं, 'माय फादर टुक मी आऊट ऑफ स्कूल.' ते तिने तांदूळ निवडता निवडता दहादा म्हटलं.

गाडी अडली ती पत्रलेखनावर. वडिलांना पत्र लिही म्हटलं की वही मिटायची. "गेलेल्या माणसाला काय लिहू? 'आय ॲम फाइन, हाऊ आर यू'?" मी भडकले. "हातचे मार्क घालवशील. वाट लागेल तुझी. मग राहा जन्मभर नववी पास." बोलू नये ते बोलून गेले. दोन दिवस आमचा अबोला होता.

इंग्रजीचा पेपर मुलुंडच्या एका शाळेत होता. मी गेटबाहेर तीन तास उभी. दहावीच्या पोरींच्या घोळक्यातून ही बाई पदर सारखा करत आली. मी आधी तेच विचारलं, "पत्र आलं होतं?" "आलं होतं. वडिलांकडे सहलीची परवानगी मागायची होती." मी कपाळाला हात लावला. "सोडलंस ना?" "लिहिलं," ती म्हणाली. उसाच्या रसाच्या गाड्यापाशी उभं राहून तिने मला ते तोंडपाठ म्हणून दाखवलं... 'डिअर फादर, यू टुक मी आऊट ऑफ स्कूल. आय केम बॅक. आय ॲम नॉट आस्किंग परमिशन.' आणि खाली सही. मी जन्मभर पोरांची पत्रं तपासली, पण त्यातलं एकही पत्र मला आज आठवत नाही. हे आठवतं.

त्या पत्राला किती मार्क पडले ते तपासणाऱ्यालाच ठाऊक. इंग्रजीत एकूण बेचाळीस पडले. दादाने निकाल तीनदा वाचला आणि पेढे आणायला गेला. नववी पासचा विनोद त्या दिवसापासून बंद झाला.

ती गेली त्या सकाळी सोसायटीचे सेक्रेटरी गेटजवळच्या फळ्यावर निधनाची बातमी लिहीत होते. 'कै. सौ. नलिनी' आणि आडनाव लिहून झालं, तेवढ्यात दादा जिना उतरून आला. डोळे सुजलेले. "नावापुढे एस.एस.सी. लिहा," म्हणाला. सेक्रेटरी घुटमळले. "काका, फळ्यावर असं कोणी लिहीत नाही." "लिहा," दादा म्हणाला. "खरं आहे ते."

दीड महिना झाला, फळा कोणी पुसलेला नाही. सोसायटीच्या बाकीच्या नोटिसा हल्ली शेजारच्या भिंतीवर चिकटवतात.